पियानोवरचा आरसा

पियानोला पांढरा ऑइलपेंट देतात आणि कडांना सोनेरी पट्टा काढतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. शाळेच्या सभागृहात, स्टेजच्या डाव्या हाताला तो भिंतीला टेकून उभा होता. भोवती लाल मखमली दोरी, वर कागदी फुलांची कमान, कमानीवर 'सेल्फी पॉइंट' अशी अक्षरं आणि शेजारी पाटी : कृपया हात लावू नये. ज्या वस्तूला हात लावण्याखेरीज माणसानं दुसरं काही करण्यासारखं नाही, तिच्यापुढे अशी पाटी लावायला एक खास कर्तबगारी लागते. आमच्या शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापकांकडे ती भरपूर आहे.

"कसा वाटला, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"मांडवात बसवल्यासारखा," मी म्हणाले.

त्यांना ती स्तुती वाटली. ते म्हणाले, "आपला वारसा आहे तो. जपायलाच पाहिजे."

शाळेचा वर्धापनदिन दोन दिवसांवर आला होता आणि त्यात माझा सत्कार होता. जालन्याच्या या मुलींच्या शाळेत मी शिकले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत इथंच संगीत शिकवलं. सुट्टीच्या दिवशी, सणावारी, उरल्यासुरल्या वेळात गाणाऱ्यांच्या मागे बसून पेटी वाजवली. फाटकावर फ्लेक्स लागला होता. त्यावर माझा फोटो माझ्या खऱ्या डोक्याच्या दसपट आणि खाली 'पियानोसम्राज्ञी' ही पदवी. माझं साम्राज्य म्हणजे सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या. त्यातलीही एक मेलेली. पण फ्लेक्सवर एवढा तपशील बसत नाही.

मी दोरीखालून वाकून आत गेले आणि पियानोला नाक लावलं. मुख्याध्यापक दुसरीकडे बघू लागले. वयस्कर माणसाच्या विचित्र वागण्याकडे दुर्लक्ष करायची आपल्याकडे सभ्य रीत आहे. नुसता रंगाचा वास आला. टर्पेंटाइनचा, ताज्या दुकानाचा. ज्या वासाच्या ओढीनं मी वाकले होते, त्याचा मागमूस नव्हता.

तो वास असा होता : डांबरगोळ्या, वाळलेला कडुलिंबाचा पाला, जुनी लोकर आणि तापलेलं लाकूड. होळी झाली की आमच्याकडे ऊन असं चढतं की दारं चौकटीत मावेनाशी होतात किंवा चौकटी सोडून देतात. पियानोचं लाकूड तडकू नये म्हणून त्याच्या पोटात, खालची फळी काढून, पाण्याची बरणी ठेवायची. सकाळी शाळा भरण्याआधी ती बरणी भरणं हे माझं काम. घनसावंगीकडच्या उसाच्या रानातून मला जालन्याला शिकायला पाठवलं ते डॉक्टर व्हायला, आणि मी शिकत होते पियानोला पाणी पाजायला. उंदरांनी आतली लोकर कुरतडू नये म्हणून कडुलिंब. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या. पावसाळ्यात पट्ट्या फुगायच्या, एक दाबली की शेजारीण सोबत खाली जायची. त्या दोघींना वेगळं करायला पोस्टकार्ड फिरवायचं. एवढी उस्तवार आमच्या गावात फक्त गाभण म्हशीची होत असे.

पियानो साळवे टीचरचा. म्हणजे मालकीनं चर्चचा, नंतर शाळेचा. पण जो वाजवतो त्याचा म्हणायचं झालं तर साळवे टीचरचा. त्या जालन्यातच जन्मलेल्या, चर्चमागच्या वस्तीत वाढलेल्या. उंच, काटकुळ्या, बाराही महिने काळी छत्री. रविवारी चर्चमध्ये वाजवत, बाकीचे सहा दिवस आम्हाला शिकवत. चर्चची गाणी त्यांच्या हाताखाली दळणाच्या ओव्यांसारखी डुलत. त्याबद्दल कुणा वरिष्ठांनी एकदा नाराजी दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाला मराठी येतं. मी विचारून घेतलंय."

पियानो भिंतीकडे तोंड करून असल्यामुळे वाजवणाऱ्याची पाठ सभागृहाकडे. जालन्यानं साळवे टीचरला आयुष्यभर पाठमोरंच पाहिलं. बाजारात त्या समोरून आल्या तर लोक क्षणभर गोंधळत आणि त्या पुढे गेल्या की ओळखत. पण पाठ करून बसलं की गाणारी दिसत नाही, म्हणून त्यांनी पियानोवर एक आरसा ठेवला होता. गोल, पत्र्याच्या कडेचा, आठवडी बाजारात हजामाकडे असतो तसला. त्यात त्या आमचे गळे बघत. चेहरा नव्हे, गळा. हासळीच्या दोन हाडांच्या मध्ये जो खळगा असतो ना, तो.

"तोंड खोटं बोलतं," त्या म्हणत. "खळगा न्हाई बोलत. तो हलला की समजायचं, आता येती आहे. आपण तिच्या अर्ध्या श्वासानं मागं राहायचं. पुढं गेलीस तर तू गाणारी झालीस, फार मागं राहिलीस तर तू पाहुणी झालीस."

त्या वयात मला यातलं काही कळलं नाही. मी आरशातून भिंतीवरचं घड्याळ बघायची.

प्रार्थनेची तालीम सुरू करण्याआधी त्यांची एक रीत होती. रांगेतल्या प्रत्येक नव्या मुलीपुढे जाऊन त्या विचारत, "तुझा सूर कुठं आहे?" जणू रुमाल कुठं आहे असं विचारावं. मुलगी लाजायची, हसायची, मग भीत भीत "आ" म्हणायची. तो 'आ' घेऊन टीचर पियानोपर्यंत चालत जात. वाटेत बोलत नसत, सांडेल म्हणून. मग पट्टीवर बोट ठेवत. "हा बघ. काळी चार. हे तुझं घर. इथं कुणी तुला ऊठ म्हणणार न्हाई." जी मुलगी अंतरा गाणार, तिच्या पट्टीत अख्खी प्रार्थना वाजे. उद्या दुसरी गाणार असेल तर दुसऱ्या पट्टीत. पेटीवाले अशा वेळी तोंड वाकडं करतात, 'माझा हात पांढरी एकमध्येच बसलाय' म्हणतात. टीचर म्हणत, "गळा तिचा, तर पट्टी तिची. हात काय, आपला हात लाकडासारखा आहे, वळवला की वळतो."

म्हणून मला प्रत्येक गाणं प्रत्येक पट्टीतून बसवावं लागलं. मेलेल्या पट्टीसकट. ती मधल्या सप्तकातली पांढरी सहा. तिची आतली हातोडी मी यायच्या आधीच तुटलेली होती. हैदराबादेहून रेल्वेनं येणारा कारागीर तारा सुरात लावून जायचा आणि दरवेळी मान हलवून म्हणायचा, "इसका कुछ नै होता, बाई." कुणी म्हणालं, मग ती पट्टी टाळून वाजवा, गाणं अर्धा सूर इकडं-तिकडं सरकवा. टीचरनी ते कधी केलं नाही. "मेली म्हणून काय झालं? तिच्या जागेवर आली की दाबायची. आपण गप्प होऊ, ती गाईल. तिथंच कळतं तिचा सूर पक्का आहे का आपला उसना होता."

दुपारी खिडकीतून मोसंबीच्या बागांकडून वारा आला की बहराचा वास यायचा, नाही तर जिनिंगमधला कापूस उडत यायचा आणि काळ्या पट्ट्यांवर पांढरं होऊन बसायचा. टीचर तो फुंकून टाकत, वाजवता वाजवताच. लांबून मीटरगेजच्या छोट्या गाडीची शिट्टी यायची. "कोणता सूर?" मान न वळवता त्या विचारत. "काळी दोन!" आम्ही ओरडत असू. आता रूळ मोठे झाले आणि गाड्यांचे भोंगे सगळे एकसारखे किंचाळतात. त्यांना सूर विचारण्यात अर्थ नाही.

"मॅडम, तालीम बघणार ना?" मुख्याध्यापकांच्या प्रश्नानं मी परत त्या ऑइलपेंटपाशी आले.

मुली रांगेत उभ्या होत्या. एका शिक्षकानं लॅपटॉपवर बटण दाबलं आणि स्पीकरमधून साळवे टीचरची प्रार्थना बाहेर पडली. त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच चाल लावलेली. पण आता तिच्यामागे बासऱ्या होत्या, सतारी होत्या, ढगांचा गडगडाट होता आणि संभाजीनगरच्या कुठल्याशा स्टुडिओत गायलेल्या, साखरेच्या पाकातल्या चार आवाजांचा कोरस होता. मुली हात वर करत होत्या, हात जोडत होत्या, ओठ हलवत होत्या. आवाज कुणाचाच नव्हता.

"मुली गात नाहीत?" मी विचारलं.

"रिस्क कशाला, मॅडम? मान्यवर येणार. मुलींनी फक्त हावभाव करायचे. एकदम परफेक्ट होतं."

मागच्या रांगेतली एक मुलगी हावभावही करत नव्हती. ओठ घट्ट मिटून उभी होती, शिक्षा केल्यासारखी. ट्रॅक संपल्यावर मी तिच्यापाशी गेले.

"तुझं नाव काय गं?"

"वैष्णवी."

"तू तोंड का मिटलंयस?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "सर म्हणले, तू ओठ पण हलवू नको. हलवले की माझा आवाजच निघून राह्यला."

"मंग निघू दे की."

"ट्रॅकच्या खाली जातो. बेसूर वाटतं म्हणले."

पुढच्या रांगेतून एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "मॅडम, तिचा आवाज जेंट्स हाय!" रांगभर खसखस पिकली. वैष्णवीनं वर बघितलं नाही. तिला या विनोदाची सवय झालेली दिसत होती आणि मला चीड आली ती त्या सवयीची.

"तू कुठली?"

"घनसावंगीकडची. हितं जुन्या जालन्यात मावशीकडं ऱ्हाते. बाबा मेंढरं घेऊन गेल्ते, आता आले परत."

"तुझा सूर कुठं आहे?"

तिला प्रश्नच कळला नाही. ती इकडंतिकडं बघू लागली, खरंच काही हरवल्यासारखी. दहावीला आलेली पोरगी, इतकी वर्षं प्रार्थनेला उभी राहिलेली, आणि हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

"आ म्हण. जिथं बरं वाटतं तिथं. कुणाकडं बघू नको."

तिनं आधी मुख्याध्यापकांकडेच बघितलं. मग डोळे मिटले आणि 'आ' लावला. भरल्या रांजणाला बाहेरून टिचकी मारावी तसा तो आवाज होता. खोल, गार, काठोकाठ. पांढरी चार. स्पीकरमधल्या बायका काळी पाचवर चढून बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर गायचं तर या पोरीनं एक तर गळा फाडून घ्यावा, नाही तर खाली आपल्या घरी राहावं. ती आपल्या घरी राहिली, म्हणून बेसूर.

आमच्या गावाला मी बाजा, म्हणजे पेटी, वाजवते हे कळलं, तेव्हा तेही असंच हसलं होतं. आम्ही जमीनजुमल्यावाले. मुलगी गाणं शिकते इथपर्यंत लोकांनी सोसलं, कारण गाणं लग्नात दाखवता येतं. पण ती गाणार नाही, गाणाऱ्याच्या मागे बसून वाजवणार, हे कुणाच्या पचनी पडेना. पारावर कुणी तरी माझ्या वडिलांना विचारलं, "बापू, पोरगी म्हणे कीर्तनवाल्यायच्या मागं बसून राह्यली?" बापू म्हणाले, "तू बी बैलाच्या मागंच चालून राह्यला की जन्मभर. तुला कोणी इचारलं का?"

पण घरी आल्यावर त्यांनी मला विचारलंच. "एवढी मेहनत, अन् तुझं नाव कुठंच न्हाई. तुला वाईट न्हाई वाटत?" मी म्हणाले, गाडीला दोन बैल असतात, लोक गाडी कुणाची ते विचारतात. बापू म्हणाले, "मंग गाडीवान हो." मी म्हणाले, "गाडीवानाला रस्ता ठाऊक नसला तरी बैलाला असतो, हे तुम्हीच सांगितलंय." ते हसले आणि विषय तिथं संपला. आमच्याकडे वाद जिंकणाऱ्यानं हरणाऱ्यासाठी चहा करायचा असतो. मी केला.

त्या वर्षी रामनवमीला आम्ही जांब समर्थला गेलो होतो. चैत्राचं ऊन, मंदिराच्या अंगणात ओले पडदे, उदबत्ती, गुलाल आणि माणसांच्या घामाचा मिळून एक गोडसर वास. जन्माच्या कीर्तनाला पेटीवाला आलाच नव्हता. बापू सगळ्यांदेखत म्हणाले, "आमची पोर वाजवती." कीर्तनकार बुवांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी नैवेद्यात मीठ कमी असल्यावर बघतात.

"बाईमाणूस साथीला? ही शाळेची प्रार्थना न्हाई, बाळ. इथं दम लागतो."

"तुमचा सूर कुठं आहे?" मी विचारलं. सवयच होती.

त्यांनी काळी दोन सांगितली. कीर्तन चढत गेलं, पखवाज तापला, आणि ऐन रंगात बुवांनी मला न सांगता, खूण न करता पट्टी बदलली. सरळ पांढरी चार. नवख्या पेटीवाल्याला उघडं पाडायची ही जुनी गंमत आहे. सगळी सभा ऐकते की पेटी एकीकडे आणि बुवा दुसरीकडे, आणि पेटीवाला घामाघूम. पण त्यांची पाठ माझ्याकडे होती, आणि पाठी वाचण्यात माझं बालपण गेलं होतं, हे बुवांना माहीत नव्हतं. अंगरख्याखाली त्यांचे दोन्ही खांदे नेहमीपेक्षा वर उचलले गेले. एवढा श्वास काळी दोनला लागत नाही. ते पांढरी चारवर पोचले तेव्हा माझं बोट तिथं होतं. अर्ध्या श्वासानं मागे. त्यांनी पुन्हा उडी मारली. मी पुन्हा मागे होते. मग ते अभंगाच्या मध्येच वळले, माझ्याकडे नीट बघितलं आणि हसले. त्यानंतर कीर्तन झालं ते गंमत म्हणून नव्हे.

माध्यान्हीला जन्म झाला, फुलं उधळली, सुंठवडा वाटला. बुवांनी विचारलं, "कुणाच्या हाताखाली शिकलीस?"

"साळवे टीचरच्या. आमच्या शाळेतल्या. चर्चमध्ये वाजवतात."

बुवांनी सुंठवड्याची एक पुडी वेगळी बांधली. "त्यान्ला दे. माझा नमस्कार सांग."

टीचरनी ती पुडी उघडून चिमूटभर तोंडात टाकली. डोळे मिटून चव घेतली. "सुंठ जरा कमी पडलीय," म्हणाल्या, आणि उरलेली पुडी मला न देता पर्समध्ये ठेवली.

पुढे मराठवाडाभर हिंडले. मांडीवर पेटी, बाजूला पाण्याची बाटली, एस.टी.च्या खिडकीचा खडखडाट पांढरी एक आणि काळी एकच्या मधोमध. परभणी, नांदेड, बीड, कुठल्या कुठल्या मंगल कार्यालयांची स्टेजं. गाणारे थोर होते, काही खरंच थोर होते. काही नुसतेच उशिरा येत. निवेदक गायकाची विशेषणं संपवून दमले की शेवटी म्हणत, "आणि यांना साथ करत आहेत," आणि चिठ्ठी शोधत. 'साथ म्हणजे सेवा,' असंही एक वाक्य त्यांच्याकडे असे. साथ सेवा नाही. साथ काम आहे. समोरचा माणूस पुढच्या क्षणी कुठं जाणार ते त्याच्याआधी ओळखायचं आणि तरी त्याच्यामागून पोचायचं. ज्यांना हे सोपं वाटतं, त्यांनी नवऱ्याबरोबर एकदा तरी करून बघावं. कार्यक्रमानंतर शाल मिळे. माझ्याकडे इतक्या शाली साठल्या की पेटीला उन्हाळ्याची वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी झाली.

टीचर गेल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांनी मला दोन वस्तू दिल्या. तारा आवळायची लोखंडी किल्ली आणि तो आरसा. त्याचा पारा कडेनं उडायला लागला होता. "मधला भाग चांगला आहे," त्या म्हणाल्या. "खळग्यापुरता."

तर वैष्णवीचा 'आ' संपला होता आणि सभागृहात कुणी हसत नव्हतं.

"प्रार्थना ही गाईल," मी मुख्याध्यापकांना म्हणाले. "बाकीच्या तिच्यामागून. मी वाजवते."

"मॅडम, ट्रॅक बिलकुल फायनल आहे. पत्रिकेत वेळ पण टाकलीय. आणि हा पियानो आता वाजवायचा न्हाई, बघायचा आहे. झाकणाला स्क्रू मारलेत."

"का?"

"मुली हात लावतात."

"शाळेत मुली असायच्याच. स्क्रू काढा."

ते हसले. सत्कारमूर्तीचा हट्ट म्हणून हसले. "तुम्ही निवांत स्टेजवर बसा हो. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळी व्यवस्था झालीय."

"शाल ठेवा तुमच्याकडं. माझी पेटी आता आणखी कपडे घालत नाही. मला झाकण उघडून द्या."

"अन् न्हाई उघडलं तर?" ते एकदम पत्रिकेच्या भाषेतून घरच्या भाषेत आले.

"तर फ्लेक्सवरची बाई यायची नाही. फ्लेक्सलाच शाल पांघरा. फोटो मोठा आहे, शोभून दिसेल."

ते खिडकीशी गेले. तिथून फाटक दिसतं. प्रमुख पाहुण्यांना पियानोसम्राज्ञी कबूल केलेली होती आणि दोन दिवसांत दुसरी सम्राज्ञी जालन्यात मिळण्यासारखी नव्हती. "ट्रॅक तयार ठेवू मात्र," ते शेवटी म्हणाले. "पोरगी अडकली की लावून देऊ. शाळेची इज्जत आहे."

शिपाई शेखभाई सगळं दारातून ऐकत होते. स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आत आले. "दो मिनट, मॅडम. अब्बी खोल देतूं."

झाकण उघडलं आणि तो वास आला. डांबरगोळ्या, कडुलिंब, लोकर, तापलेलं लाकूड. रंगाऱ्याचा ब्रश आतपर्यंत पोचला नव्हता.

दोन दुपारी मी मधल्या तारा लावल्या. वैष्णवी बरणी भरून आणायची आणि शेजारी बसायची. किल्ली फिरली की तार कुरकुरायची. ती विचारायची, "दुखतं का तिला?" पांढरी सहा मेलेलीच होती. पांढरी चार घर धरलं की ती गंधाराची जागा, आणि अंतऱ्याची शेवटची ओळ नेमकी गंधारावर जाऊन उभी राहते. मी तिला ते दाखवलं. पट्टी दाबली, टक् एवढंच वाजलं.

"इथं मी नसणार. इथं तू एकटी."

"पडले तर?"

"पडलीस तर पडलीस. मी पुढच्या सुरावर उभी आहे."

कार्यक्रमाच्या सकाळी प्रमुख पाहुणे आले, तेव्हा मुलींच्या हातातली स्वागताची फुलं कोमेजली होती. दीपप्रज्वलनाला पंख्यानं विघ्न आणलं. निवेदिकेनं माझी विशेषणं वाचली. ती कुणाची आहेत ते शोधत मीही आजूबाजूला बघितलं. मग मी स्टेजवरच्या खुर्चीतून उठले, खाली आले, शेखभाईंनी दोरी आधीच काढून ठेवली होती, आणि पियानोपुढच्या स्टुलावर बसले. निवेदिका माइकमधूनच हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, जरा पाहुण्यांकडे तोंड करून..."

"बाळा, भिंत पाडावी लागेल," मी म्हणाले.

पर्समधून आरसा काढून वर टेकवला. त्यात प्रमुख पाहुणे आले, त्यांचा हार आला, हारातून डोकावणारा मोबाइल आला, मुख्याध्यापक आले. मी आरसा किंचित तिरपा केला. मान्यवर बाहेर गेले आणि वैष्णवी आत आली. पाऱ्याच्या मधल्या, शाबूत भागात तिचा गळा.

मी सुरुवातीचे सूर वाजवले. पियानो बसक्या आवाजात बोलला, पण खरं बोलला. तिच्या येण्याची जागा आली. खळगा हलला नाही. ओठ मिटलेले. मी तीच सुरावट पुन्हा सुरू केली, जणू आधीपासून तसंच ठरलं होतं. साथीदाराला घाई नसते. पुन्हा जागा आली आणि गेली. मागे खुर्च्या कुरकुरल्या. पुढच्या रांगेत कुणी तरी "जेंट्स" म्हणालं. आरशाच्या उडालेल्या कडेला मुख्याध्यापकांचा हात अंधूक दिसला, लॅपटॉपवाल्याला खूण करताना. मी मान वळवली नाही. मी फक्त तिचं घर वाजवत राहिले. पांढरी चार, पांढरी चार. इथं तुला कुणी ऊठ म्हणणार नाही.

खळगा हलला.

ती आली. अर्ध्या श्वासानं मागे मी. त्या खोल, गार आवाजानं सभागृहाच्या फरशीपासून वर चढायला सुरुवात केली आणि मागच्या मुली एकेक करून त्यात उतरल्या, पाण्याचा अंदाज घेत उतरावं तशा. लॅपटॉपवाल्याचा हात हवेत राहिला असावा, कारण बासऱ्या वाजल्या नाहीत. अंतरा चढला. शेवटची ओळ आली. मुली ठरल्याप्रमाणे थांबल्या. मी पांढरी सहा दाबली. लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज झाला, एवढंच.

बाकीचं सगळं तिनं गायलं.